झेंडू उपटल्यावर पुढे काय?

जड धातूंनी बिघडलेल्या मातीवर फुलझाडांचा उपाय शोधणाऱ्या सर्व संशोधकांस,



मी फुलं पिकवणारी बाई आहे. कल्याणपलीकडच्या औद्योगिक पट्ट्यात आमची अकरा गुंठे जमीन आहे. गेली सव्वीस वर्षं मी तिच्यात झेंडू आणि शेवंती लावते. हे पत्र त्यातल्या नाल्याकडच्या तीन गुंठ्यांबद्दल आहे. पण तेवढ्यापुरतं असतं तर ते तुम्हा सगळ्यांना जाहीरपणे लिहिलं नसतं. असे तीन-तीन, चार-चार गुंठे राज्यात किती जणांच्या वाट्याला आले असतील, त्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

नाल्याच्या काठी पूर्वी प्लेटिंगचा एक गाळा होता. नटबोल्टवर धातूचा मुलामा चढवायचे. पावसाळ्यात गाळ्यामागची टाकी भरून वाहायची आणि ते हिरवट पाणी आमच्या बांधावरून खाली यायचं. सासरे म्हणायचे, "सूनबाई, त्या पाण्यात पाय घालू नको." पायाची काळजी आम्ही घेतली, मातीची घ्यायची असते हे कोणाला ठाऊक नव्हतं. उलट तिथे ओल टिकते म्हणून घरापुरती मेथी, पालक, अळू तिथेच लावायचो. माझी दोन्ही मुलं त्या पालकावर वाढली. गाळा बंद पडून आता पंधरा वर्षं झाली. पत्रे भंगारात गेले, यंत्रं विकली गेली. माती जागेवरच राहिली.

पुतण्या रसायनशास्त्र शिकायला लागला तेव्हा त्याने आमच्या मातीचे नमुने तपासून आणले. आठ गुंठ्यांत काही विशेष निघालं नाही. नाल्याकडच्या तिनात कॅडमिअम निघालं. त्या रात्री मी त्याला एकच विचारलं, हे शरीरात गेलं तर काय होतं? तो म्हणाला, मूत्रपिंडात साठतं, आणि एकदा साठलं की निम्मं बाहेर पडायलाही दहा ते तीस वर्षं लागतात. जपानमधल्या जिन्झू नदीच्या काठच्या गावांची हकिकतही त्यानेच सांगितली. वर खाण, खाली भातशेती, आणि भातातून गेलेल्या कॅडमिअमने हाडं इतकी ठिसूळ झालेल्या बाया की नुसत्या खोकल्यानेही बरगडी मोडायची. 'दुखतंय दुखतंय' अशा अर्थाचंच नाव त्या रोगाला पडलं, इताइ-इताइ. तिथली शेतं दुरुस्त करायला १९७९ मध्ये सुरुवात झाली आणि काम २०१२ मध्ये संपलं. तेही झाडं लावून झालं नाही. बिघडलेली माती गाडून वर चांगली माती पसरावी लागली.

आमच्या तीन गुंठ्यांसाठी ट्रकने माती आणून टाकणं मला परवडणारं नाही. म्हणून पुतण्या जेव्हा तुमचे शोधनिबंध वाचून दाखवायला लागला, तेव्हा मला काय वाटलं असेल याची कल्पना करा. ज्या झाडांना मी तळहातासारखी ओळखते, त्यांचीच नावं. तेरडा, गुलबाक्षी, झेंडू, कर्दळ, सदाफुली, कोंबडा. चीनमधल्या शेनयांगच्या संशोधकांनी २००६ ते २००८ च्या सुमारास गुलबाक्षी, तेरडा, कॅलेंडुला आणि हॉलिहॉक तपासले आणि ही झाडं कॅडमिअम सोसतात, मुळातून वर ओढतात, असं दाखवलं. तुमचा युक्तिवादही मला पटला. पालक लावला तर तो कोणी ना कोणी खाणार. फूल कोणी खात नाही, ते दिसायला छान असतं, विकलं जातं, आणि विषाचा माणसाच्या पोटात जाण्याचा रस्ता बंद होतो. आमच्या घरात त्या आठवड्यात सणासारखं वातावरण होतं.

आता मनात साचलेलं लिहिते. राग आहे, पण तुमच्या कामाबद्दल आदर नसता तर रागही आला नसता.

पहिली गोष्ट कुंडीची. तुमच्या बहुतेक प्रयोगांत मी एकच चित्र पाहते. कुंडीत स्वच्छ माती घ्यायची, तिच्यात कॅडमिअमचा क्षार विरघळवून ओतायचा, थोडे दिवस मुरू द्यायचा, रोप लावायचं आणि दोन-तीन महिन्यांनी कापून मोजायचं. मी रोपवाटिकेत कुंड्या भरते, त्यामुळे कुंडी म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. कुंडीत मुळं जाळं करून सगळी माती कवेत घेतात. शेतात तीच मुळं हवी तिथे जातात आणि नको तिथे जात नाहीत. कुंडीत काल ओतलेला क्षार अजून पाण्यात सुटा असतो. आमच्या मातीतला धातू वीस-पंचवीस वर्षं मुरून चिकणमातीच्या पदरापदरांत जाऊन बसलेला आहे. तो रोपाला सहज मिळत नाही. शिवाय घाटावरची काळी जमीन चुनखडीयुक्त असते, विम्ल असते, धातू घट्ट धरून ठेवते. कोकणातली तांबडी माती आम्लधर्मी, ती तोच धातू लवकर सोडते. एकच झेंडू या दोन मातींत सारखा कसा वागेल? त्यातही काळी जमीन बेसाल्ट खडकापासून झालेली, तिच्यात निकेल आणि क्रोमिअम मुळातच जास्त. मग कारखान्याने किती टाकलं आणि सह्याद्रीने किती दिलं, हे वेगळं काढल्याशिवाय झाडाने किती उचललं हे कसं कळणार? महाराष्ट्रातल्या मातीवर, शेतात, दोन-तीन हंगाम केलेला फुलझाडांचा प्रयोग मला हवा आहे. कुंडीतला नको.

आणि हे अशक्य आहे असं मला कोणी सांगू नये. नागपूरच्या नीरी या पर्यावरण-संशोधन संस्थेतल्या लोकांनी गुमगावच्या मॅंगनीज खाणीतल्या टाकाऊ ढिगाऱ्यांवर साखर कारखान्याची मळी आणि जिवाणू वापरून झाडं उभी केली. तिथे कुंडी नव्हती, ऊन होतं, वारा होता, चढ होता. जपानमध्ये चोकोउकोकु नावाची कॅडमिअम भरपूर ओढणारी भाताची जात खाचरात दोन वर्षं लावली आणि पेंढ्यासकट सगळं पीक कापून बाहेर काढलं. मातीतलं कॅडमिअम ३८ टक्क्यांनी कमी झालं आणि त्यानंतर घेतलेल्या खायच्या भातातलं जवळजवळ निम्म्यावर आलं. ही शेतातली मोजणी आहे. मला अशीच मोजणी झेंडूची आणि गुलबाक्षीची हवी आहे.

दुसरी गोष्ट काळाची. निबंधाच्या शेवटी तुम्ही लिहिता की हे झाड 'आशादायक' आहे. आशा किती वर्षांची, ते लिहीत नाही. म्हणून आम्ही घरी बसून हिशेब केला. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. वरची २० सेंटीमीटर माती धरली तर तिचं वजन २६ टनांच्या आसपास भरतं. समजा किलोला ५ मिलिग्रॅम कॅडमिअम आहे आणि ते ३ वर आणायचं आहे. म्हणजे एका गुंठ्यातून सुमारे ५२ ग्रॅम धातू बाहेर काढायचा. एका पिकात गुंठ्याला ५० किलो वाळलेला पाला-दांडा मिळाला आणि त्यात किलोला ५० मिलिग्रॅम कॅडमिअम चढलं, असं धरू. हा आकडा मी सढळ हाताने धरला आहे. तरी एका पिकात निघतं अडीच ग्रॅम. म्हणजे एकवीस पिकं. वर्षाला दोन घेतली तर दहा वर्षांहून जास्त. आणि माती स्वच्छ होत गेली की झाडाला धातू कमी मिळतो, म्हणजे शेवटची पिकं पहिल्यापेक्षा हळू चालणार.

दहा वर्षं हा आकडा ऐकून मी खचले नाही. शेतकऱ्याला दहा वर्षं समजतात. आंब्याचं कलम लावणारा माणूस तेवढी वाट पाहतोच. पण ते मला आधी कळायला हवं. त्या दहा वर्षांत तीन गुंठ्यांत दुसरं काय करता येणार नाही, फुलांचं उत्पन्न किती येईल, मध्येच सोडून दिलं तर आधीचं सगळं वाया जातं का, या प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे आहेत किंवा तुम्ही ती काढू शकता. आमच्या भाषेत, गुंठ्याच्या मापात एकदा तरी लिहून द्या. पाल्याचं उत्पादन किती आणि त्यातलं धातूचं प्रमाण किती, हे दोन आकडे गुणून गुंठ्यामागे ग्रॅममध्ये सांगितलं तर मी काय, कुठलाही फुलशेतकरी समजून घेईल.

आता तिसरी गोष्ट. हे पत्र खरं तर याच एका गोष्टीसाठी लिहायला घेतलं.

झाडाने धातू ओढला की धातू नाहीसा होत नाही. तो झाडात जातो. मग झाड कुठे जातं?

दसऱ्याआधी आमच्याकडे तोडा चालतो. पहाटे क्रेट भरतात, फुलं बाजारात जातात. दसरा-दिवाळी उरकली की शेतात उरतात ती झाडं, खाली वाळत आलेला पाला आणि वर चार-दोन खुजी फुलं. मी एकेक झाड बुडख्याशी धरून उपटते. पहिल्यांदा मुळाशी मातीचा गोळा येतो, तो झटकते, बारीक मुळं तुटून मातीतच राहतात. वर पाला राहतो तो कुरकुरीत, हातात घेतला की झेंडूचा तो उग्र वास येतो. या झाडांचं पुढे काय होतं? आमच्या आळीत बहुतेक जण ती नांगरून तिथेच गाडतात. कारण कृषी विद्यापीठांनी आम्हाला शिकवलं आहे, आणि ते बरोबरही आहे, की झेंडूमुळे सूत्रकृमी कमी होतात. म्हणजे सगळा उन्हाळा-पावसाळा झाडाने कष्ट करून वर आणलेला धातू आम्ही कार्तिकात आपल्या हाताने परत मातीत गाडतो. काही जण बांधावर ढीग करून जाळतात. कॅडमिअम ७६७ अंशांना उकळतं. उघड्या जाळात त्याचा काही भाग धुराबरोबर निघतो, उरलेलं राखेत राहतं, आणि राख वाऱ्याने पुन्हा शेतात येते. काही जण शेळ्यांना टाकतात. उरलेली झाडं कचऱ्याच्या गाडीत जातात, तिथून कंपोस्टला.

कंपोस्टची गोष्ट मुद्दाम वाचा. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी कॅडमिअमची मर्यादा किलोला ५ मिलिग्रॅम आहे. मी वर जो पाला धरला त्यात ५० आहे. त्याचं खत होताना निम्मं वजन कुजून उडून जातं आणि धातू तसाच राहतो, म्हणजे प्रमाण आणखी वाढतं. तेच खत कोणी तरी पोत्यात भरून विकतं, कोणी तरी गच्चीतल्या मेथीला घालतं. दुसऱ्याच्या घरातली मेथी. माझ्या मुलांनी जे खाल्लं ते मी दुसऱ्याच्या मुलांच्या ताटात पाठवायचं का?

फुलांचंही तेच. फूल कोणी खात नाही हे तुम्ही गृहीत धरलं आहे. पण फुलाचा प्रवास विकल्यावर संपत नाही. हार देवाला चढतो, दुसऱ्या दिवशी निर्माल्य कलशात जातो, निर्माल्याचं खत होतं, आणि देवळातलं खत म्हणून लोक ते श्रद्धेने तुळशीला घालतात. दक्षिणेत झेंडूच्या पाकळ्यांतून रंगद्रव्य काढून ते कोंबडीखाद्यात मिसळतात, अंड्याचा बलक पिवळाधमक दिसावा म्हणून. पाकळीत किती धातू चढतो, हे पानापासून वेगळं मोजून मला सांगा. पाकळीत उतरत नसेल तर मी निर्धास्तपणे फुलं विकेन. उतरत असेल तर मला ती तोडायची नाहीत. आज मी काय करते? त्या तीन गुंठ्यांतला झेंडू चार वर्षं झाली बाजारात नेलेला नाही. उपटलेली झाडं गोणीत भरून शेडच्या मागे, ताडपत्रीखाली ठेवली आहेत. चव्वेचाळीस गोण्या. त्यांचं काय करायचं हे मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. तळोज्याला घातक कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट लावण्याची सोय आहे, पण ती कारखान्यांसाठी. झेंडूच्या गोण्या घेऊन गेलेल्या बाईला तिथे कोण उभं करणार?

शोधनिबंधात या सगळ्याला बहुतेक वेळा एक ओळ मिळते, 'काढलेल्या जैवभाराची सुरक्षित विल्हेवाट लावावी'. कर्मणी प्रयोगातलं वाक्य. लावावी, पण कोणी?

इथे कुरडूचं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कुरडू धातू चांगला ओढते म्हणून तिच्यावरही काम झालेलं आहे, आणि चीनमधल्या प्रयोगांत तिच्यात कॅडमिअम चढल्याचं दिसलं आहे. पण महाराष्ट्रात कुरडू म्हणजे पावसाळी रानभाजी. आषाढ लागला की बायका कोवळे शेंडे खुडून आणतात, चण्याची डाळ घालून भाजी करतात. आमच्या बांधावरचीही खुडून नेतात. शेजारच्या काकूंना मी सांगितलं, नाल्याकडची नको, वरच्या बांधावरची घ्या. त्या म्हणाल्या, "अगं, पण खाली जास्त हिरवीगार असते." खालची हिरवीगार असणारच, तिथे ओल आहे. तुमच्यापैकी कोणी कुरडू 'आशादायक' म्हणून सुचवणार असाल, तर ती कुठल्या राज्यात खातात हे विचारून मगच सुचवा. कृपा करून.

चौथी गोष्ट थोडक्यात. तीन वर्षांपूर्वी एका संस्थेतून दोघे जण आमच्याकडे आले. चांगली मुलं होती. चहा घेतला, शेत पाहिलं, तीन पोती माती घेऊन गेले. 'निकाल आला की कळवू' म्हणाले. निकाल आला असावा, कारण पुतण्याला पुढे एका निबंधात आमच्या भागातल्या मातीचा उल्लेख सापडला. आम्हाला कोणी कळवलं नाही. संस्थेचं नाव लिहीत नाही. हे एका संस्थेपुरतं नाही, सवयच तशी पडली आहे, आणि सवय बदलता येते. ज्याच्या शेतातली माती नेता, त्याला त्याच्या भाषेत एक पानाचा निकाल पाठवा. त्या एका पानाची वाट आम्ही अजून पाहतो आहोत.

शेवटची गोष्ट अपयशाची. सूर्यफूल अणुभट्टीचा किरणोत्सारही शोषतं, असं लोक मला येऊन सांगतात. चेर्नोबिलजवळच्या तळ्यात तराफ्यांवर सूर्यफुलं तरंगवून पाण्यातले किरणोत्सारी पदार्थ उचलले होते, हे खरं आहे. पण ते पाणी होतं. फुकुशिमाच्या अपघातानंतर २०११ मध्ये जपानने शेतात सूर्यफुलं लावून पाहिली, आणि तिथल्या कृषी मंत्रालयाने सरळ जाहीर केलं की मातीतल्या सिझिअमचा सुमारे दोन हजारावा भागच झाडांनी उचलला. वरचा पातळ थर खरवडून काढणं कितीतरी जास्त उपयोगाचं ठरलं. ते जाहीर झाल्यामुळे हजारो शेतकऱ्यांचे हंगाम वाचले असतील. तुमच्या प्रयोगांत जी झाडं कामाला आली नाहीत, ती कुठे छापून येतात? माझ्यासाठी ती यादी यशस्वी झाडांच्या यादीइतकीच मोलाची आहे. वाळा धातू मुळांमध्येच धरून ठेवतो, वर फारसा पाठवत नाही, हे तुमच्याकडूनच कळलं म्हणून मी नाल्याच्या उतारावर वाळा लावला. त्याने माती स्वच्छ होणार नाही हे मला ठाऊक आहे. पण पावसात बांध धुपून धातू खालच्या वस्तीत जात नाही, एवढं तो करतो. आणि तो वाळा मी सरबताला किंवा ताट्यांना कोणाला देत नाही.

आता माझं मागणं. आमच्या तीन गुंठ्यांत या. मी जमीन देते, मजुरी माझी, पाणी माझं. एका भागात गुलबाक्षी लावू, एकात झेंडू, एकात कर्दळ, आणि एक मोकळा ठेवू. पान, दांडा, मूळ, पाकळी वेगवेगळं मोजा. किती ग्रॅम निघालं ते पाटीवर लिहून शेतात उभं करा, येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावं म्हणून. आणि सुरुवात करण्यापूर्वीच, पहिलं रोप लावण्याआधी, उपटलेलं झाड कुठे जाणार, कोण नेणार, त्याचा खर्च कोणाकडे, हे कागदावर ठरवा. ते ठरत नसेल तर झाड लावू नका आणि मलाही लावायला सांगू नका.

त्या चव्वेचाळीस गोण्यांत चार वर्षांचा पाला आहे, वर्षवार वेगळा ठेवलेला, प्रत्येक गोणीला तारखेची चिठ्ठी बांधलेली. तुम्हाला तुमच्या कामासाठी एवढा नमुना दुसरीकडे मिळणार नाही. पहिल्या वर्षाच्या गोणीतलं आणि चौथ्या वर्षाच्या गोणीतलं कॅडमिअम मोजून पाहा. मातीतलं प्रमाण खरंच उतरतं आहे का, त्याचं पहिलं उत्तर कदाचित ताडपत्रीखालीच आहे.

यंदाची झाडं दिवाळीनंतर उपटायची आहेत. त्याआधी आलात तर उभं पीक दाखवता येईल.

आपली,
नाल्याकाठची एक फुलशेतकरी